शेऱ्याचा रकाना

आमच्या खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतजमिनीच्या, बांधाला मानशीजवळ भगदाड पडून तीन वर्षं झाली. मानस म्हणजे बांधातलं लाकडी फळ्यांचं दार. भरतीचं खारं पाणी ते बाहेर अडवतं आणि ओहोटीला शेतातलं पाणी नदीत सोडतं. आमच्याकडे दार शाबूत आणि शेजारचा बांध वाहून गेलेला. पहिल्या वर्षी त्यातून माणूस वाकून गेला असता, आता म्हैस आरामात जाते.

सगळ्यात मोठा मार बसला तो ताराबायच्या कुणग्याला, कारण तिचं शेत भगदाडाच्या अगदी तोंडावर. ताराबाय माझी शेजारीण. नवरा गेल्यापासून एकटीने कोरगुट भात पिकवते. कोरगुट खाऱ्या मातीत तग धरतं, पण त्यालाही सोसायला काही सुमार आहे. दोन हंगाम तिने नुसतं गवत कापलं. यंदा वैशाखी पुनवेच्या भरतीआधी बांध झाला नाही तर तिसरा हंगामही गेला, आणि मग त्या जमिनीचं नाव सोडायचं.

मी चौतीस वर्षं सरकारी कारकुनी केली. अर्ज कसा लिहावा हे मला कोणी शिकवू नये. बांधासाठी मी अकरा अर्ज केले आणि अकराही वेळा उत्तर आलं, 'स्थळपाहणी प्रलंबित.' पाहणी करायची होती कनिष्ठ अभियंता रुद्रेश साहेबांनी. कधी त्यांना जीप मिळाली नाही, कधी बांधावर चिखल होता, कधी गुडघा धरला होता. एकदा तर 'सदर स्थळ सापडले नाही' असं लेखी आलं. पाऊण किलोमीटर लांबीचा बांध! त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही.

माझी भाची सुविधा केरीला पर्यटकांना कायक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, भाड्याने देते. एप्रिलमध्ये ती फोन नाचवत घरी आली. जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे म्हणे. कोणीतरी एक डबा लपवतो, त्याची जागा ॲपवर अक्षांश-रेखांशासकट टाकतो, बाकीचे शोधत येतात, आतल्या वहीत सही करतात आणि डबा होता तिथे ठेवून परत जातात.

"मगे तेंका गावता काय?" मी विचारलं.

"डबो गावता, मामा."

"आणि तो थंयच ठेवतत?"

"होय."

चांगले शिकलेले, पगारदार लोक हे करतात. तेवढ्यात तिने ॲपवरचा फोटो दाखवला. "ह्यो बगा, आमच्या भागातलो पयलो नंबर." लाल लाइफ जॅकेट, हातात वल्हं, चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद. रुद्रेश साहेब! तीनशे बारा डबे त्यांनी शोधले होते. एक तेरेखोल किल्ल्याखालच्या खडकाच्या बेचक्यात, काडेपेटीएवढा. तोही त्यांना सापडला होता. आमचा बांध तेवढा सापडत नव्हता.

माझं डोकं सणकलं, पण कारकुनाचं डोकं सणकलं तरी हात पट्टी शोधतो. मी दोनशे पानी वही काढली आणि रेघा मारल्या. अनुक्रमांक, दिनांक, नाव, हुद्दा, शेरा.

सुविधा हसायला लागली. "मामा, नाव नि तारीख पुरे. हुद्दो कित्याक?"

"तुका सरकारी हात म्हायत नाय. रकानो दिसलो काय तो भरल्याबगर रवचो नाय."

डबा लपवायला मी स्वतः कायकमधून गेलो. चौसष्टाव्या वर्षी त्या प्लास्टिकच्या शेंगेत पाय लांब करून बसणं म्हणजे स्वतःची शोभा करून घेणं. मी वल्हं मारीन तिकडे ती जात नव्हती, आणि खारफुटीवरचे बगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी मागून सुविधानेच ढकलत मानशीपर्यंत नेलं. चिऱ्यांच्या फटीत डबा बसवला, भगदाडापासून दोन हातांवर, आणि सुविधाने जागा ॲपवर टाकली.

तिसऱ्याच रविवारी साहेब कायकमधून आले. भर भरतीची वेळ. जीप नको, वाट नको, गुडघाही ठणठणीत. मी आणि सुविधा खारफुटीआड कायकमध्ये बसलो होतो. साहेब पाण्याच्या ओढीबरोबर भगदाडातून थेट आत गेले आणि ताराबायच्या कुणग्यात जाऊन थांबले. ती बांधावर गवत कापत होती.

"मावशी, हंय खंय डबो बगलास?"

"डबो नाय बा. भगदाड आसा. ता बगतलंस?"

साहेब हसले, भगदाडासमोर स्वतःचा एक फोटो काढला आणि पुन्हा चिऱ्यांत हात घालू लागले. दहा मिनिटांत त्यांनी आरोळी ठोकली. ताराबाय विळा हातात धरून बघत राहिली. मला तिच्याकडे बघवलं नाही.

ते गेल्यावर वही उघडली. दिनांक, नाव, हुद्दा कनिष्ठ अभियंता, सगळं जिथल्या तिथे. शेऱ्यात लिहिलं होतं, 'पाहिले. भगदाड अंदाजे चार मीटर. भरतीच्या वेळी कायक सहज आत जाते. उत्तम.' खाली सही आणि सहीखाली रेघ.

सोमवारी बारावा अर्ज गेला. सोबत साहेबांच्याच हातच्या शेऱ्याची झेरॉक्स, मथळा 'स्थळपाहणी अहवाल'; वही परत डब्यात ठेवली. एक प्रत थेट वरिष्ठांना.

आठवड्याने मला बोलावणं आलं. "ह्या खाजगी आसा," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "आयताराचा. सुट्टीचा."

"साहेब, हुद्दो तुमी लिवल्यात. मापय तुमीच घेतल्यात."

त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. समासात वरिष्ठांनी लिहिलं होतं, 'सुट्टीच्या दिवशी स्वतः होडीने जाऊन पाहणी. कौतुकास्पद. काम तातडीने घ्यावे.' आता पाहणी केली नाही म्हणावं तर कौतुक परत करावं लागणार होतं. साहेबांनी थोडा विचार केला आणि कौतुक ठेवून घेतलं.

पुनवेच्या चार दिवस आधी बांध पुरा झाला. भरती आली, नव्या चिऱ्यांवर आपटून परत गेली, आणि ताराबायचा कुणगा कोरडा राहिला. मला इतका आनंद झाला की मी गावभर सांगत सुटलो, सरकारला कसं खेळवलं ते. वाड्यावर सत्काराची भाषा सुरू झाली. मीही नको नको म्हणत हार कुठला आणायचा ते सुचवलं.

सत्काराला वही दाखवावी म्हणून डबा काढायला गेलो. साहेबांनंतर दोन-चार पर्यटकांच्या सह्या होत्या. आणि साहेबांच्या ओळीच्याही वर, मथळ्याला खेटून, चौथीपर्यंत शिकलेल्या हाताने कोणीतरी अनुक्रमांक न घालता एक ओळ बसवली होती. नाव, तारा. हुद्द्याच्या रकान्यात, 'कुणगो माझो'. आणि शेऱ्यात, 'पाहिले. तीन वर्सां, रोज.'

मी बांधावरच खाली बसलो. अकराच्या अकरा अर्जांवर सही माझी होती, आणि बाराव्यावरही. तिला सही कर असं मी एकदाही म्हटलं नव्हतं.