तांबड्या पोटाचे

खमीसने दुर्बीण खाली घेतली आणि वहीत लिहिलं : तांबडे, दोनशे दहा. काळ्या पोटाचे, एकही नाही.

हिवाळाभर दोन्ही जातींचे तुतवार पक्षी स्फॅक्सच्या या आखाताकाठच्या मिठागरात एकत्रच चिखल टोचत. सगळे सारखेच राखाडी. चोचीचा बाक पाहून ओळखायचं म्हटलं तर डोळे दुखून येत. वसंतात मात्र एकाच्या पोटावर शाई सांडल्यासारखा काळा डाग उमटे, आणि दुसरा गळ्यापासून खालपर्यंत विटेसारखा तांबडा होई. काळ्या पोटाचे पंधरा दिवसांपूर्वीच निघून गेले होते, उत्तरेला, हॉलंडच्या किनाऱ्याकडे. तिथे त्याची मुलगी सोंदोस होती. लग्न होऊन चार वर्षं झाली होती.

"आमचे पोचले का गं?" तो दर शुक्रवारी फोनवर विचारी.

यंदा ती टाळत होती. "जायला वेळच नाही झाला, बाबा." नवऱ्याचं नाव तर तिने जानेवारीपासून घेतलंच नव्हतं.

खिशातला फोन थरथरला. सोंदोसने फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'आले बघा तुमचे पाहुणे. आत्ताच काढलाय.'

बांधावर बसून त्याची बायको दलीला पावाला हरिसाची तिखट चटणी लावत होती.

"काय पाठवलंय?"

"पक्षी."

"तिला म्हणावं, कधीतरी स्वतःचं तोंडही पाठव."

खमीसने फोटो मोठा केला. तांबडे. चाळीस तरी असतील. एखादा वाट चुकून तिकडे गेला असता तर गोष्ट वेगळी. पण त्यांचे थवे वसंतात हॉलंडवरून जात नाहीत. ते याच आखातावरून पूर्वेकडे निघतात. सोंदोसला दोन्हींतला फरक कधी कळलाच नव्हता. लहानपणी ती सगळ्यांनाच 'बाबांच्या चिमण्या' म्हणायची.

त्याने चष्मा पुसला. काळ्या पोटाचा निदान एक तरी दिसतोय का, ते पुन्हा शोधलं. मग तिला फोन लावला.

"मिळाला फोटो?" तिने विचारलं.

"मिळाला. छान आलाय."

"तेच ना? काळ्या पोटाचे?"

खमीस पाण्याकडे पाहत राहिला.

"हो. तेच."

"बघा, मी म्हटलं नव्हतं?"

"जेवलीस का?"

"जेवेन आता."

"एकटीच आहेस?"

तिच्या बाजूला पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येत होता.

"सोंदोस," तो हळूच म्हणाला, "दुपारी दक्षिणेचा गरम वारा सुटणार आहे. वाळवंटाची धूळ येईल. डोकं झाकून घे."

दलीलाचा हात पावावरच थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

फोनमध्ये पक्षी ओरडतच होते.

"झाकलंय, बाबा," सोंदोस म्हणाली.