शेवळांचा पहिला घास

जून उजाडला आणि बदलापूरच्या बाजारात शेवळं आली की सुषमाबाईंच्या अंगात वारं शिरायचं. स्टेशनाबाहेर डोंगराकडच्या वाड्यांवरून बायका येऊन बसत. पुढ्यात शेवळांच्या जुड्या, बाजूला हिरव्या काकडांचे वाटे. त्यातली भिमाबाई सुषमाबाईंची ठरलेली.

"एवढीशीच काकडं? रेशनवर मिळतात का गं तुझ्याकडे?" सुषमाबाई म्हणत.

"घ्या अजून मूठभर, पण पोरांना नीट करून घाला हो," भिमाबाई म्हणे, आणि दोघी हसत.

शेवळं ही लबाड भाजी. जमिनीतून उगवलेला जांभळट कोंब, दिसायला गरीब. पण नीट केली नाही तर घशात बारीक सुया टोचाव्यात तशी चरचरते. काकडं म्हणजे आवळ्याहून लहान, दात आंबवणारी रानफळं. ती ठेचून उकळायची, पाणी गाळून घ्यायचं आणि त्या पाण्यात शेवळं शिजवायची, तेव्हा कुठे त्यांचा डंख उतरतो. सुषमाबाईंच्या सुनेने, रोहिणीने, लग्नाआधी शेवळं पाहिलीही नव्हती. तिचं माहेर उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, आजूबाजूला सगळे सिंधी. रानभाजीपेक्षा शेजारून येणारी साईभाजी ओळखीची. लग्नानंतर पहिल्यांदा तिने शेवळं खाल्ली ती नवऱ्याच्या, रूपेशच्या, कुंदाआत्याकडे. दुपारभर जीभ लाकडासारखी झाली होती, आणि या भाजीचं पुन्हा नाव घ्यायचं नाही अशी शपथ तिने मनातल्या मनात घेतली होती. मग त्याच आठवड्यात सुषमाबाईंनी डाळिंब्या घालून, वरून नारळाचं दूध सोडून केली. रोहिणीने ताट पुसून खाल्लं. भाजी तीच, एका हातची शिक्षा, दुसऱ्या हातची मेजवानी.

आता त्याच हाताकडे ती भीतीने पाहायला लागली होती.

सोमवारपासून रोहिणी कामावर जाणार होती. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या औषध कंपनीच्या लॅबमध्ये. केमिस्ट्रीची पदवी किर्तीच्या जन्मापासून कपाटात पडून होती; मुलगी साडेतीन वर्षांची झाली तेव्हा कुठे ही नोकरी चालून आली. किर्तीला आजी सांभाळणार, हे गृहीतच होतं. सासरे गेल्यावर सुषमाबाई अंबरनाथची खोली भाड्याने देऊन बदलापुरात खरवईला या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या होत्या, त्या नातीसाठीच.

पण गेल्या काही महिन्यांत आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. एकदा गॅस नुसताच चालू राहिला, वर पातेलं नाही. एकदा किर्तीला घेऊन खाली गेल्या आणि कोणत्या मजल्यावर राहतो ते वॉचमनला विचारत बसल्या. रोहिणीने रूपेशला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, आई थकलीये. बाबा गेल्यापासून तिचं लक्ष नसतं. तू ना, प्रत्येक गोष्ट लॅबमध्ये घालून बघतेस."

लॅबचा प्रश्नच नव्हता. किर्ती दीड वर्षाची असताना शेंगदाण्याच्या चटणीने तिचे ओठ फुग्यासारखे सुजले होते. रिक्षात बसून लेकराचा श्वास मोजत दवाखान्यात धावलेली आई पुढे घासाघासाला घाबरते, हे पुरुषाला सांगून कळत नाही. त्यामुळे नवा पदार्थ घरात आला की रोहिणी आधी स्वतः किर्तीजवळ बसायची, चमचाभर द्यायची, थांबायची, ओठ बघायची, मगच पुढचा चमचा.

शनिवारी सकाळी सुषमाबाई पिशवी भरून शेवळं घेऊन आल्या. हाताला तेल लावून ओट्याशी उभ्या राहिल्या. वरचे पापुद्रे काढले, आतला पिवळा भाग अचूक तोडून टाकला, बारीक चिरायला घेतलं. हात इतका सराईत चालत होता की रोहिणीला क्षणभर आपल्याच संशयाची लाज वाटली.

"आज किर्तीला पण घालणार आहे थोडी," सुषमाबाई म्हणाल्या. "आमच्या घरातली मुलगी आणि शेवळं न चाखता मोठी व्हायची?"

"आई, मी समोर असताना द्या हं. मी आधी बघते."

"बघ ना बाई. डोळे तुझेच."

काकडं ठेचून एका पातेल्यात उकळायला ठेवली. दुसऱ्या पातेल्यात साधं पाणी तापत होतं, डाळिंब्यांसाठी. दोन पातेली शेजारी शेजारी, दोन्ही सारखी. रोहिणीच्या मनात आलं, विचारावं का, आई, कुठलं कुठलं ते लक्षात आहे ना?

पण या घरात एक रीत होती. शेवळं चिरायला घेतली की पातेलं गॅसवरून उतरेपर्यंत कोणी 'खाज' हा शब्द उच्चारायचा नाही. आणि "काकडं घातली का?" असं तर करणारीला चुकूनही विचारायचं नाही. विचारलं की भाजी हमखास घशाला लागते, अशी समजूत. कुंदाआत्याची भाजी लागली तेव्हा सुषमाबाई म्हणाल्या होत्या, "विचारलं असणार कोणीतरी मध्येच!" रोहिणीचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. शेवळांत सुयांसारखे स्फटिक असतात, आंबटात त्यांचा जोर ओसरतो, एवढं तिला ठाऊक होतं. तरी सुनेने ओट्याशी उभं राहून सासूला ते विचारणं म्हणजे भांडणाला पाट मांडून बसवणं. तिने ओठ मिटले.

तेवढ्यात मोबाइल वाजला. कंपनीचा. बस खरवई नाक्यावर कुठे थांबते, ओळखपत्राला फोटो कसा हवा, अशी चौकशी लांबत गेली. ती बेडरूमचं दार लावून बोलत राहिली. बाहेरून फोडणीचा वास आला, मग कुकरची शिट्टी, मग किर्तीचं हसणं.

फोन ठेवून ती बाहेर आली, तर हॉलमध्ये सुषमाबाई मांडी घालून बसलेल्या. मांडीवर किर्ती. पुढ्यात ताट. ताटात भात आणि शेवळांची भाजी. किर्तीचे गाल भरलेले, ती चावत होती.

"आई! मी सांगितलं होतं ना, मी आल्यावर..."

सुषमाबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. रोहिणी पाणी आणायला स्वयंपाकघरात धावली. माठाशेजारी, ओट्याच्या कोपऱ्यात, ताटलीने झाकलेलं पातेलं दिसलं. तिने ताटली उचलली.

काकडांचं पाणी. गाळलेलं, हिरवट, काठोकाठ. एक थेंबही कमी झालेला नव्हता.

रोहिणीच्या हातातून ताटली पडली. ती खणखणत फरशीभर फिरली आणि त्या आवाजाने किर्ती दचकून रडायला लागली. रोहिणी हॉलमध्ये पोचली ती जवळजवळ घसरतच. तिने किर्तीच्या तोंडात बोट घातलं. "थूक! किर्ती, थूक सगळं! थू कर!" मूल आणखी घाबरलं. चेहरा लालेलाल झाला. रडण्याने लाल की सुजेने लाल? ओठ मोठे दिसताहेत की नेहमीसारखेच आहेत? स्वतःच्या मुलीचा चेहरा तिला ओळखता येईना.

"किती घास खाल्ले हिने? आई, किती घास दिलेत?"

सुषमाबाईंनी मान हलवली.

"नाही म्हणजे काय? बोला ना!"

बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज आला तो घरघरीचा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एक हात गळ्याशी होता. दुसऱ्या हाताने त्या मागे काहीतरी दाखवत होत्या. रोहिणीने पाहिलं. त्यांच्या पाठीमागे किर्तीची हत्तीवाली वाटी होती, वरणभाताची, अर्धी संपलेली. रोहिणीच्या बोटाला लागलं होतं ते पिवळं वरण होतं, शेवळं नव्हती. आणि ताटातल्या भाजीत मोठा खड्डा पडला होता. तेवढी भाजी खाल्ली होती सुषमाबाईंनी.

एका क्षणात भीतीने कूस बदलली. सासूबाईंची जीभ सुजली होती. खालचा ओठ लोंबल्यासारखा झाला होता. श्वास घेताना खांदे वर उचलले जात होते.

किर्तीला एका काखेत आणि सुषमाबाईंना दुसऱ्या हाताने धरून रोहिणी लिफ्टने खाली उतरली. इमारतीच्या तळमजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना होता. लिफ्ट नेहमीसारखीच उतरली असणार, पण प्रत्येक मजला तिला युगासारखा वाटला. डॉक्टरांनी घसा पाहिला, इंजेक्शन दिलं, तोंडात बर्फ धरायला लावला. "श्वासनलिका मोकळी आहे. घाबरू नका. पण बसून राहा इथे, घरी पळू नका. वाढलं तर अँब्युलन्स बोलवायची." मग किर्तीचंही तोंड तपासलं. काही नव्हतं. पोरीने तर डॉक्टरांच्या टेबलावरचं पेन मागून घेतलं.

बाकावर बसल्या बसल्या हळूहळू सुषमाबाईंचा आवाज परत आला.

"तिला नसती दिली," त्या म्हणाल्या. "आधी मी खाते. मग थोडी थांबते. काही झालं नाही, तरच तिला."

"म्हणजे?"

"सगळंच. सकाळचं दूधसुद्धा. साखर समजून मीठ पडलंय का, कालचंच गरम केलंय का... मला आठवत नाही गं. भाजीत पाणी ओतलं ते आठवतं. कुठलं ओतलं ते नाही आठवत." बर्फ त्यांच्या ओठावरून घरंगळला. त्यांनी तो पदराने टिपला. "तुला विचारावंसं वाटलं होतं, की बघ गं नीट. पण कसं विचारणार? तू तर आधीच माझ्यावर डोळा ठेवून बसलेली."

रोहिणीला वाटलं होतं, असं काही ऐकलं की आपण संतापू. निदान सुटल्यासारखं तरी वाटेल, की बघा, मी म्हणत होते ना. तसं काहीच झालं नाही. आजवर तिची भीती तिच्या एकटीची होती, आणि एकटीची होती म्हणून ती खोटीही असू शकत होती. आता त्या भीतीला साक्षीदार मिळाला होता.

"रूपेशला सांगू नकोस," सुषमाबाई म्हणाल्या. "अंबरनाथची खोली तर भाड्याने गेली. तो मला कुठे ठेवेल?"

"कुठेही नाही ठेवणार. असं काय बोलता?"

"मग सांगू नकोस."

रोहिणीने किर्तीला मांडीवर ओढून घेतलं. न सांगितलं तर सोमवारी बस नाक्यावर येईल आणि ती बसेल. दिवसभर लॅबमध्ये नमुने तपासत राहील, आणि इथे बंद दाराआड एक म्हातारी आपल्या जिभेवर प्रत्येक घास तपासत बसेल. एखाद्या दिवशी आधी चाखायचं, हेच विसरेल.

संध्याकाळी रूपेश आला तो दारातूनच नाक वर करून. "शेवळं! वा! सकाळपासून कँटीनचं वरण गिळवत नव्हतं. आई, वाढ."

सुषमाबाई सोफ्यावर होत्या. त्यांनी रोहिणीकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, आणि रोहिणीला ती सहन होईना. तरी ती बोलली. पाण्याचं, दवाखान्याचं, दुधाचं, सगळं. आवाज चढू न देता.

रूपेशने बूटही काढले नव्हते. "काहीतरीच काय? आईच्या हातची शेवळं? पंचक्रोशीत... अगं, भिमाबाईने निबर माल दिला असेल. आई, तूच सांग ना."

सुषमाबाई खाली बघून पदराचं टोक चाळवत राहिल्या.

"तुला आधीपासूनच आईचं..." त्याने वाक्य अर्धं टाकलं, स्वयंपाकघरात गेला आणि कढईवरचं झाकण काढलं. चमचा भरून घेतला.

"चिमूटभरच घे," रोहिणी म्हणाली. तिने त्याला थांबवलं मात्र नाही.

त्याने चिमूटभर तोंडात टाकली. चावली. आधी काही झालं नाही, आणि त्याने विजयाने भुवया उंचावल्या. मग त्या भुवया तशाच राहिल्या आणि खाली चेहरा बदलत गेला. तो बेसिनकडे वळला, थुंकला, पुन्हा पुन्हा चूळ भरली. ओल्या तोंडाने बाहेर आला तेव्हा त्याला आईकडे बघता येईना.

सुषमाबाई उठल्या. फ्रीजमधून ताक काढून त्याच्यापुढे ठेवलं. "पी. जाईल ते थोड्या वेळाने."

तो ताक पीत राहिला. किर्ती त्याच्या बुटाची लेस ओढत बसली होती.

"सोमवारी मी सुट्टी टाकतो," शेवटी तो म्हणाला. "आईला मोठ्या डॉक्टरांना दाखवून आणतो. किर्ती माझ्याजवळ राहील. तू जा कामावर."

"आणि मंगळवारी?" रोहिणीने विचारलं.

त्याने ताकाचा पेला खाली ठेवला.

"मंगळवारी किर्तीला पाळणाघरात घाला," सुषमाबाई म्हणाल्या. "आणि विचारून बघा, मला पण घेतात का. दुधाआधी जरा चाखायला कोणी लागत असेल त्यांना."

रूपेश हसला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. रोहिणी हसली नाही. सुषमाबाईंनी पुढे केलेला ताकाचा दुसरा पेला तिने हातात घेतला, आणि कोणी आपल्याकडे बघत नाही अशी खात्री करून, पिण्याआधी वास घेतला. सुषमाबाईंनी ते पाहिलं.

"हं," त्या हळूच म्हणाल्या. "असंच करत जा."