भवानपूर रीठ

त्या वर्षी कपाशीची पराटी डोक्याच्या वर गेली होती आणि कीटकनाशकाचा फवारा उलटून माणसाच्याच तोंडावर येत होता. गावोगाव फवारणी करणारे भोवळ येऊन पडू लागले, तेव्हा अकोल्यातल्या एका संस्थेनं दवाखान्याची गाडी काढली. फोन करा, जागा सांगा, गाडी येईल. जागा शोधायचं काम सागर आणि यास्मीनकडे होतं. खुल्या नकाशातली गावं घ्यायची, नाव टाइप केलं की ठिकाण दिसलं पाहिजे, एवढंच. 'एवढंच' म्हणणारे वेगळे असतात आणि ते करत बसणारे वेगळे.

नकाशा फुकटचा, त्यामुळे त्यात सगळंच होतं. कधीकाळी पटकीनं नाहीतर पुरानं उठलेली गावंही होती. नावापुढे 'रीठ', लोकसंख्या शून्य. कुठलंही नाव शोधलं की ही मेलेली गावं आधी वर यायची. सागर वैतागला.

"काढूनच टाकतो. जिथं माणूस राहत नाही, तिथं आजारी कोण पडन?"

"बरोबर आहे," यास्मीन म्हणाली. ती परतवाड्याची, कशालाच पटकन हो न म्हणणारी. त्या दिवशी म्हणाली. शोध झटपट चालू लागला आणि साहेबांनी चहा पाजला.

मग एका दुपारी फोन आला. सागरनं उचलला. पार्बताबाई नावाची बाई होती, नवरा देवीदास फवारता फवारता कोसळला होता.

"तोंडातून फेस येऊन राह्यला जी, भाऊ. लवकर गाडी पाठवा."

"कुठं आहात?"

"भवानपुरात."

सागरनं नाव टाकलं. 'असं ठिकाण सापडलं नाही.' पुन्हा टाकलं, पुन्हा तेच.

"बाई, तुमचं गाव कोणतं?"

"हिवरखेड."

गाव विचारल्यावर माणूस आपलं गावच सांगणार. सागरनं घराचा पत्ता विचारला, तोही तिनं सांगितला. गाडी सुटली. सागरला हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणं आज आठवलं तरी त्याच्या अंगावर काटा येतो.

थोड्या वेळानं ड्रायव्हर सहदेवचा फोन. "घराले कुलूप हाय. शेजारीबी कोनी नाही. सारे वावरात गेले, पारावरचा म्हातारा म्हन्ते."

यास्मीननं गाळलेली गावं उघडली. भवानपूर, रीठ, शून्य. हिवरखेडच्या पार दुसऱ्या अंगाला, नाल्यापलीकडे. गाव उठलं तरी जमीन थोडीच उठते? शिवाराचं नाव तेच राहिलं होतं आणि हिवरखेडची माणसं दिवसभर त्याच मेलेल्या गावात राबत होती. दोघांनी घरं ठेवली होती आणि नेमकी वावरं पुसली होती.

"सागर," ती म्हणाली, "अशी शेकडो आहेत."

त्यानं सहदेवला वाट सांगितली. गाडी वळली, पण पुढं रात्रीच्या पावसानं भिजलेला काळ्या मातीचा रस्ता होता, चाकं रुतत होती. यास्मीन पार्बताबाईंना फोन लावत राहिली. लागत नव्हता. बाहेर आभाळ स्वच्छ होतं, वारा पडलेला, म्हणजे जिल्हाभर फवारणीचे पंप पाठीवर चढले असणार. सागर गाळलेलं एकेक गाव यादीत परत टाकत होता.

शेवटी पार्बताबाईंचाच फोन आला, यास्मीननं उचलला. आवाज अगदी शांत होता. त्या शांतपणानंच यास्मीनला काय ते कळलं.

"भाऊले सांगजा," पार्बताबाई म्हणाली, "गाडी सावकाश येऊ द्या. आता घाई नाही."