सात सेंटीमीटरचा वेग

आमच्या कारखान्यात गाद्या तयार होतात आणि त्या गाद्यांविषयी चार शब्द लिहिणे हे माझे काम आहे. आधुनिक कवितेत सहा वर्षे बुडून बाहेर आलेल्या माणसाला जगाने एवढीच कोरडी जागा देऊ केली. ‘थकलेल्या देहाखाली अंथरलेले एक मऊ मौन’ असे मी लिहितो. मालक त्यावर काट मारून ‘पाच वर्षांची हमी’ असे लिहितात आणि गादी विकली जाते.

त्या सोमवारी मालकांनी मला बोलावले, ते मात्र गादीसाठी नव्हे. शेजारच्या कपाटवाल्यांशी होणारा वार्षिक क्रिकेट सामना सहा दिवसांवर आला होता. कपाटवाले म्हणजे लोखंडी कपाटांचा कारखाना. मधली भिंत एक आणि वैर नऊ वर्षांचे.

“कवी,” मालक म्हणाले, “नवा चेंडू एक आणि मागणारे दोन. दोघांचा सध्याचा फॉर्म, दोघांची पुढची कुवत, सगळं तोलून मला लेखी दे. शुक्रवारपर्यंत.”

“पण मालक, त्यातले एक माझे सख्खे मामा आहेत. मी त्यांच्याच घरी राहतो.”

“म्हणून तर तुला सांगतोय. ज्याच्या घरी जेवतोस त्याच्याविरुद्ध लिहायची हिंमत झाली, तर अहवाल खरा. नाही झाली, तर वाचताना मला कळेलच. आणि हे बघ, मऊ मौन वगैरे नको.”

मामा फोम कापण्याच्या विभागात आहेत. वय सत्तेचाळीस. एकही सामना न चुकवता नऊ वर्षे आमचे पहिले षटक त्यांनीच टाकले आहे. ते षटक गेले तर काय उरते, हे कारखान्यात सर्वांना ठाऊक होते: पंचाचा कोट. पहिल्या षटकावरून उतरलेल्या गोलंदाजाने पुढे पंच व्हायचे आणि त्याचा कोट त्या वर्षीच्या उरलेल्या गादीच्या कापडातून शिवायचा, असा आमचा रिवाज. मागच्या पंचांनी गुडघ्याला शरण जाऊन रजा घेतली होती, आणि यंदा उरलेले कापड पिवळ्या जमिनीवर जांभळ्या कमळांचे होते.

शिवण विभागात आमच्या मामी आहेत.

“अहो, बाह्या मनगटापर्यंत ठेवू की कोपरापर्यंत?” त्याच संध्याकाळी मामींनी विचारले.

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. “कुणाच्या बाह्या?”

“पंचाच्या. कोण का होईना. तुमच्या मापाचा बेतला की कुणालाही होईल.”

“त्या भोंग्याच्या मापाचा बेत! मी अजून मेलो नाही.”

“मेलेल्या माणसाला कोण कोट शिवतं? जेवा.”

मग मामा माझ्याकडे वळले. “भाचेबुवा, तू अहवाल लिहितोयस म्हणे. मी एक शब्द बोलणार नाही. खरं तेच लिही.” त्यांनी पाण्याचा पेला उचलला. “कमळं, रे! फुलपाखरं तरी असती...”

दुसऱ्या दिवसापासून मी कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत वही घेऊन बसू लागलो. ज्याला मामा भोंगा म्हणाले, तो आमच्या टेम्पोचा चालक. वय चोवीस, खांदे दाराएवढे. चेंडू हातातून सुटताना हा इसम असा ओरडतो की गेटवरचा रखवालदार फाटक उघडून मोकळा होतो. म्हणून त्याचे नाव भोंगा पडले. तो आठ पावले धावतो. चेंडू दिसत नाही, हे त्याचे बलस्थान. पण चेंडू कुठे जाणार हे त्यालाही दिसत नाही. मंगळवारी त्याने टाकलेल्या सहा चेंडूंपैकी दोन यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेले, एक कापसाच्या ढिगात हरवला आणि एक मालकांच्या खिडकीतून आत जाऊन शांतपणे टेबलावर विसावला.

मामांची धाव पाण्याच्या टाकीपासून सुरू होते. तेवीस पावले. त्या धावेत कधीकाळी वादळ होते. आता वादळाविषयीचा अंदाज उरला आहे. पण दिशा? दिशा अशी की तीन स्टंपांपैकी कोणता पाडू, असे त्यांनी विचारावे.

“मामा,” भोंगा हसत ओरडला, “तुमचा चेंडू पोचेपर्यंत फलंदाजाचा चहा होतो हो!”

“आणि तुझा गेल्यावर तो चहावाल्यालाच विचारतो, इकडे कुठे आला का म्हणून.”

मी वहीत लिहिले: ‘एकाच्या चेंडूत भविष्यकाळ आहे, परंतु पत्ता नाही. दुसऱ्याच्या चेंडूत पत्ता आहे; फक्त पत्र उशिरा पोचते.’ बुधवारी हे मालकांना वाचून दाखवले. त्यांनी कपाळाला हात लावला.

“आकडा दे रे बाबा, आकडा! आपण गादी कशी तपासतो? दाबतो आणि खळगा मोजतो. मग माणसाला वेगळा नियम कशाला?”

अशा रीतीने गुरुवारी सकाळी दोन नव्या गाद्या मागच्या भिंतीला उभ्या करण्यात आल्या. या आमच्या खास गाद्या. त्यांना दाबले की तो दाब त्या तासभर मनात धरून ठेवतात. इतके मनाला लावून घेणारी वस्तू माझ्या पाहण्यात दुसरी नाही. डावी मामांची, उजवी भोंग्याची. प्रत्येकी पाच चेंडू, आणि ज्याच्या गादीत सर्वांत खोल खळगा, त्याचा नवा चेंडू.

मामा तेवीस पावले पाच वेळा धावले आणि नंतर पाच मिनिटे कमरेवर हात ठेवून आकाशाकडे पाहत उभे राहिले. भोंग्याने पाचांपैकी दोन चेंडू गादीवर मारले. उरलेल्या तिहींनी भिंतीचा रंग काढला. मालक खिशातून मोजपट्टी काढतात न काढतात, तोच जेवणाची घंटा झाली. घंटा झाली की आमच्याकडे कोणतेही मोजमाप, कोणतेही यंत्र, अर्धवट मारलेला टाकासुद्धा पुढे जात नाही. मालकांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम आहे, आणि मालकांनीच मोजपट्टी परत खिशात घातली.

अर्ध्या तासाने सर्वजण गाद्यांपुढे जमले. भोंग्याच्या गादीत दोन सेंटीमीटरचा खळगा निघाला. मामांच्या गादीच्या बरोबर मध्यभागी पट्टी आत गेली आणि जातच राहिली.

“सात,” मालक पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, “सात सेंटीमीटर!”

कुणी तरी शिट्टी मारली. भोंग्याने खळग्यात मूठ घालून पाहिली. ती पुरी मावली. त्याने खाली वाकून मामांच्या पायांना हात लावला आणि विचारले, “मामा, हे दडवून का ठेवलं होतं?” मामा काहीच बोलले नाहीत. थोर माणसांचे असेच असते, असे मला वाटले. त्या दुपारी मी अहवालाची चार पाने एका बैठकीत लिहिली. ‘वय हे त्वचेचे असते, मनगटाचे नसते’ हे वाक्य त्यातलेच. मालकांनी प्रथमच माझ्या एकाही ओळीवर काट मारली नाही. संध्याकाळपर्यंत बातमी भिंत ओलांडून कपाटवाल्यांकडे गेली, आणि ओलांडताना सातांचे अकरा सेंटीमीटर झाले.

शनिवारी सकाळी तपासणीच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर आल्या. आमच्याकडे एक तपासनीस काका आहेत. तयार गादीवर दहा मिनिटे पडून पाठीला काय वाटते ते लिहून देणे, एवढेच त्यांचे काम. ते हे काम जेवणाच्या सुट्टीत करतात, कारण एरवी लोक हेव्याने बघतात आणि त्यांना झोप लागत नाही. गुरुवारच्या चिठ्ठीवर लिहिले होते: ‘भिंतीला उभी असलेली डावीकडची गादी आडवी करून तपासली. कुशीवर पडलो. डाव्या कोपराखाली उत्तम आधार. तपासून जागेवर ठेवली.’

मी चिठ्ठी घेऊन धावत गेलो. “काका, जरा कोपर दाखवता?”

“का रे? काही तक्रार आली का?”

कोपर टोकदार होते. ते मी एका नव्या गादीत दाबायला लावले आणि मोजले. सात सेंटीमीटर. एक मिलिमीटरही इकडे तिकडे नाही. चार पानांचे माझे काव्य एका झोपाळू कोपराला उद्देशून लिहिले गेले होते.

दिवसभर ती चिठ्ठी माझ्या खिशात राहिली. मालकांना सांगावे, तर मामांच्या अंगावर कमळे उगवणार. न सांगावे, तर माझ्या सहीखाली खोटे राहणार, आणि भोंग्याचा हक्काचा चेंडू जाणार. रविवारी सकाळी मामा उंबऱ्यात बसून बुटांच्या नाड्या बांधत होते, तेव्हा मला राहवले नाही.

“मामा, तो खळगा तुमचा नाही. तपासनीस काकांचं कोपर आहे ते.”

“कोपर होय?” मामांनी गाठ घट्ट केली. “मला वाटलं गुडघा असेल.”

“म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?”

“अरे, चेंडू मी टाकले ना! माझे पाचही खालच्या कडेला लागले होते, यॉर्कर होते ते. मधोमध खळगा कुठून येणार?”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलणारच होतो. तेवढ्यात तो पोरगा पाया पडला. नऊ वर्षांत कुणी पडलं नव्हतं रे.” त्यांनी दुसरा बूट ओढला. “एक षटक. फक्त एक टाकू दे. मग मीच सांगतो सगळ्यांना.”

मामी आतून म्हणाल्या, “कोट पिशवीत घातलाय हो. सहज म्हणून.”

मैदानावर कपाटवाल्यांचा सलामीचा फलंदाज आला, तेव्हा प्रथम त्याचा आवाज आला. अकरा सेंटीमीटरच्या धास्तीने त्यांनी दोन दिवस खपून कपाटाच्या पत्र्याची पॅड, पत्र्याची छाती आणि पत्र्याची मांडी तयार केली होती. छातीवर चुकून कुलूपही राहिले होते. दोघांनी धरून त्याला स्टंपांपुढे उभे केले.

मामा टाकीएवढ्या अंतरावरून निघाले. तेवीस पावले, आणि मग चेंडू. फलंदाजाने डोळे मिटले आणि अकरा सेंटीमीटरला साजेशा वेगाने बॅट फिरवली. बॅट फिरून झाली. तो जागेवर आला. त्याने डोळे उघडले. चेंडू अजून येत होता. शरद ऋतूतल्या पानासारखा, कुणाचेही काही देणे नसल्यासारखा तो आला, टप्पा पडला आणि मधला स्टंप हलकेच आडवा करून थांबला. वाकून अडवण्याची फलंदाजाला इच्छा होती, पण पत्रा वाकत नव्हता.

दुसराही तसाच गेला. बॅट आधी, चेंडू नंतर. आमच्या बाजूला लोक नाचू लागले. तिसरा फलंदाज कपाटांना रंग देणारा, स्वभावाने सावकाश होता. त्याने बॅट उचलली, चेंडूची वाट पाहिली, एकदा कान खाजवला आणि चेंडू मैदानाबाहेर भिरकावून दिला. पुढचे तीनही त्याच मार्गाने गेले. कान मात्र त्याने पुन्हा खाजवला नाही.

षटक संपले. मामा चेंडू घेऊन सरळ भोंग्यापाशी गेले.

“धर. गादीतलं ते कोपर होतं, मी नव्हे. तपासनीस काकांचं.”

भोंगा गोंधळला. “पण मामा, दोन दांड्या उडाल्या त्या?”

“त्या भाच्याच्या अहवालाने उडवल्या. चेंडू नुसता बघायला गेला होता. आता तू टाक. आणि ओरडायचं ते चेंडू सोडल्यावर ओरड, आधी नाही. ओरडताना तुझी मान वळते, म्हणून चेंडू खिडकीत जातो.”

मग त्यांनी मामींकडे हात पसरला. कोट मापात बसला, बाह्या मनगटापर्यंत होत्या. पिवळ्या जमिनीवरची कमळे उन्हात अशी पेटली की कपाटवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. मामांनी आतल्या बाजूला हात घातला. तिथे एक चोरखिसा होता आणि खिशात गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली.

“हा कधी शिवलास?”

“सोमवारी,” मामी म्हणाल्या. “मोजपट्टीशिवाय.”

मालक माझ्याकडे चार पाने हलवत येत होते; त्यांचा चेहरा मी वाचला आणि जमिनीकडे पाहू लागलो. तेवढ्यात भोंगा आठ पावले धावला. त्याने चेंडू सोडला, मग ओरडला. सरळ गेलेला तो त्याचा पहिलाच चेंडू. तो रंगाऱ्याच्या जोडीदाराच्या पत्र्याच्या पॅडवर आदळला आणि देवळातल्या घंटेसारखा नाद घुमला. भोंग्याने वळून दाद मागायला तोंड उघडले, पण मामांचे बोट केव्हाच आकाशात होते.

मालक माझ्याशेजारी थबकले. “अरे, चेंडू लागायच्या आधी वर गेलं का ते?”

“जरासं,” मी म्हणालो.

मालकांनी अहवालाची घडी घालून खिशात ठेवली. “मग वेगाबद्दल तू लिहिलंस, ते काही अगदीच खोटं नाही.”