अर्धा-अर्धा लिटर

खडीच्या खाणीवर जाणाऱ्या रस्त्याला रस्ता म्हणायचं ते निव्वळ सभ्यता म्हणून. छातीवर येणारा चढ, खड्डे आणि पिठासारखी धूळ. खाणीत पहिल्या पाळीला थोरला जायचा, दुसऱ्या पाळीला त्याचा धाकटा भाऊ. गाडी दोघांत एकच, तीही थकलेली. डाव्या दाराला पोचा कुणी पाडला यावरून दोघांत पाच आठवडे अबोला होता. निरोप आईमार्फत जात.

गाडीची हेळसांड मात्र झाली नाही. एअर फिल्टरमधली धूळ थोरला झटकायचा, टायरात रुतलेली खडी धाकटा उकरायचा. इंजिन तेल प्यायचं, म्हणून आठवड्याला अर्धा लिटर घालावं लागे. पूर्वी एक जण ओतायचा, दुसरा पट्टी काढून पातळी बघायचा. आता थोरला सोमवारी ओतू लागला, धाकटा गुरुवारी; दुसरा विसरणार याची दोघांनाही खात्री होती. पट्टी कुणीच काढली नाही. पट्टी बघायची म्हणजे ‘त्याने तेल घातलं का?’ अशी चौकशी करायची, आणि चौकशी बोलण्यातच जमा होते. आठ दिवस गाडी निळा धूर सोडत होती. तो दुसऱ्याच्या चालवण्याचा प्रताप, यावर दोघांचं एकमत होतं.

आईला दोन्ही डोळ्यांनी नुसत्या आकृत्या दिसायच्या. चार महिने थांबल्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. सकाळी नऊला हजर नसलात तर पुन्हा रांगेच्या शेवटी, असं नर्सने बजावलं होतं. हॉस्पिटलची वाट खाणीवरूनच जायची. त्या दिवशी खाणीला सुट्टी, त्यामुळे वाटेवर चिटपाखरू नव्हतं. थोरला चालवायला, धाकटा मागे आईजवळ.

निम्म्या चढावर गाडीने एवढा धूर सोडला, की मागचं काही दिसेना. मग ती बंदच पडली. थोरल्याने बॉनेट उघडलं आणि पाच आठवड्यांनी पट्टी ओढली. तेल खुणेच्या चार बोटं वर होतं; जादा तेलानेच इंजिन गुदमरलं होतं.

“मी दर सोमवारी घालतो,” तो इंजिनाला म्हणाला.

“मी गुरुवारी,” धाकटा टायरला म्हणाला.

आई आतूनच म्हणाली, “आठवड्यात दोनदा बॉनेटचं झाकण वाजायचं. मला वाटलं, एक घालतोय, एक बघतोय. बरं वाटायचं रे.”

थोरल्याने बॉनेट लावलं, धाकट्याने आईला उतरवलं. तिला दोन्हीकडून धरून ते चालू लागले. नऊ वाजले तेव्हा माथा आला होता आणि हॉस्पिटल सहा किलोमीटर पुढे होतं. आईने वेळ विचारली नाही, पण तिचे हात दोघांच्याही हातांत जरा जड झाले.

उताराला लागल्यावर थोरला म्हणाला, “आई, त्याला सांग, त्याच्या बाजूला मोठा दगड आहे.”

“कुठे आहे?” आई म्हणाली. “मला दिसत नाही बाबा. तूच सांग.”

दगड पाच पावलांवर होता. दगड पाच पावलांवर होता.