मुलुंडचा संगणक, दहिसरची बोटं

मी एक जुना संगणक आहे. जुना म्हटलेलं मला चालतं, मित्रांनो. राग येतो तो "अय्या, हा अजून चालतो?" असं तोंडावर विचारणाऱ्यांचा. चालतो म्हणजे काय, चांगला धावतो! फक्त सुरू व्हायला मला सात मिनिटं लागतात. तेवढी वाट मोठ्या माणसांची पाहावीच लागते.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. घाटकोपरच्या एका गाळ्यात खंडू नावाच्या कारागिराने एकेक सुटा भाग जोडून मला उभं केलं आणि मुलुंडला सुनंदाताईंच्या घरी आणून बसवलं. सुनंदाताई घरबसल्या मराठी अक्षरजुळणी करायच्या. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, दिवाळी अंक, काय काय म्हणून माझ्या पडद्यावर उमटलं! त्यांची बोटं कळफलकावर पडली की मला अभिमान वाटायचा. त्यांचे यजमान नंदकुमार मात्र मला 'जावई' म्हणायचे. घरातली पंख्याखालची जागा मला, धूळ लागू नये म्हणून कापडी झूल मला, आणि थोडं काही बिनसलं की धावपळही माझ्यासाठीच. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

मग दिवस बदलले. पत्रिका मोबाइलवर जाऊ लागल्या. घरात नवे, सडपातळ लॅपटॉप आले. महिनोन्महिने माझ्यावरची झूल कोणी उचलेना. भंगारवाल्याची हाक खालून आली की नंदकुमार एकदा माझ्याकडे बघत.

मला वाचवलं ते मढच्या धाकूकाकांनी. ऐंशी ओलांडलेले हे कोळी गृहस्थ एके दिवशी तीन जिने चढून आले आणि त्यांनी पिशवीतून अकरा वह्या काढल्या. मढच्या कोळी बोलीतले मासे, वारे, जाळी, भरती-ओहोटी, भांडणं, लाड, सगळ्यांचे शब्द त्यांनी आयुष्यभर टिपून ठेवले होते. "बाय, माझी नातवंडं हे शब्द बोलत नाय. मी गेलो का हे पण जातील," ते म्हणाले. सुनंदाताईंनी वह्या ठेवून घेतल्या आणि शब्द दिला की दोन वर्षांनी नारळी पौर्णिमेला पुस्तक तुमच्या हातात असेल.

दोन वर्षं आम्ही दोघं राबलो. पुस्तकाची शेवटची चाळीस पानं तपासायची राहिली, आणि सुनंदाताई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी तीन महिने जिने बंद केले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून त्यांची मुलगी शर्मिष्ठा त्यांना दहिसरला आपल्या घरी घेऊन गेली. त्या दहिसरला, पुस्तक माझ्या पोटात मुलुंडला, आणि छापखान्याला शनिवारपर्यंत फाईल हवी!

तुम्ही म्हणाल, फाईल पाठवून द्यायची. पाठवली की! पण आमचं सगळं काम जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये. नव्या लॅपटॉपवर ते उघडलं तर पडद्यावर नुसती कंस-स्वल्पविरामांची खिचडी. रूपांतर करून पाहिलं तर निम्मी जोडाक्षरं गळून पडली. मग मला उचलून दहिसरला न्यावं, असा विचार निघाला. खंडू येऊन मला तपासून गेला आणि म्हणाला, "काका, हलवू नका. बसलाय तसा चालतोय. हलवलात, तर बसेल." माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कोणी बोललं नव्हतं.

तेव्हा शर्मिष्ठाने ठरवलं, की आपल्या घरच्या तिन्ही संगणकांना एका दोरीत बांधायचं. तिचा लॅपटॉप, आईच्या पलंगावरचा छोटा लॅपटॉप आणि मुलुंडचा मी. असा एक प्रोग्रॅम निवडायचा, की दहिसरला पडल्या पडल्या आईने बोटं चालवावीत आणि मुलुंडला माझ्यावर अक्षरं उमटावीत. मला आधी हे पटलं नाही. माझ्या कळफलकाला कोणी हात न लावता मी काम करायचं? भुताटकीच की!

निवड सोपी नव्हती. शर्मिष्ठा फोनवरून सांगायची आणि नंदकुमार एका बोटाने कळा दाबायचे. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर, आणि म्हणूनच ही सगळी कथा मला ठाऊक. पहिल्या प्रोग्रॅमने माझ्यात पाऊल टाकण्याआधीच सांगितलं, की तुम्ही फार जुने आहात. उद्धट कुठला! दुसरा छान जुळला, पण दर पाच मिनिटांनी त्याला संशय यायचा, की हा फुकटचा प्रोग्रॅम या बाई धंद्यासाठी वापरतायत. मग तो जोडणीच तोडून टाकायचा. तिसरा सभ्य होता, जरा जास्तच. प्रत्येक वेळी आत येण्यापूर्वी तो माझ्या पडद्यावर परवानगी मागायचा, आणि 'मान्य'चं बटण दाबायला घरी कोणीतरी हवं. नंदकुमार सोसायटीचे सेक्रेटरी. ते गच्चीवर टाकीपाशी, मी खाली परवानगीसाठी ताटकळत.

चौथा मात्र मला पाहताक्षणी आवडला. हलका, फुकट, जुन्यांना न हिणवणारा. एकदा पासवर्ड ठरवून दिला, की पुन्हा विचारणं नाही. त्याने मला नऊ आकडी एक क्रमांक दिला. शर्मिष्ठाने तो तिकडे भरला की झालं. बुधवारी दुपारी नंदकुमारांनी फोनवर क्रमांक वाचला. सगळे आकडे ते जोडीजोडीनेच सांगतात.

"लिही. एकोणसत्तर, चौऱ्याऐंशी, एकोणनव्वद, एकोणसाठ, आणि शेवटी सात."

"बाबा, असा कॉम्प्युटरच सापडत नाही म्हणतोय!"

"कसा नाही? माझ्या समोर बसलाय! एकोणसत्तर..."

पुन्हा तेच. नंदकुमारांनी चौथ्यांदा क्रमांक ओरडून सांगितला. ओरडल्याने आकडा थोडाच बदलतो? मी कान टवकारून बसलो होतो. कोणी येईना, दार वाजेना. गुरुवारीही तीच गत. संध्याकाळी शर्मिष्ठाचा आवाज अगदी पडला होता.

"आई, वाट लागली यार. हा पण भंगार निघाला. धाकूकाकांना सांगूया ना, पुढच्या वर्षी म्हणून."

पलीकडून सुनंदाताई म्हणाल्या, "ऐंशी ओलांडलेल्या माणसाला मी पुढचं वर्ष सांगू?" मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या सात मिनिटांची, म्हातारपणाची, सगळ्याची लाज वाटली.

"शेवटचं एकदा भर," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर भर. अहो, सांगा हो."

"एकोणसत्तर," नंदकुमार म्हणाले.

"सेव्हन्टी नाइन," शर्मिष्ठा पुटपुटली.

"काय म्हणालीस?" सुनंदाताईंनी विचारलं.

"सेव्हन्टी नाइन. एकोण-सत्तर. सत्तर आहे ना त्यात?"

"अगं ए बये! एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन! सत्तराला एक कमी!"

"मग एकोणनव्वद?"

"एटी नाइन! आणि एकोणसाठ फिफ्टी नाइन! दोन दिवस तू कोणाचं दार ठोठावत होतीस?"

दोघी मायलेकी इतक्या हसल्या, की सुनंदाताईंना टाके दुखायला लागले. हसता हसताच त्या म्हणाल्या, "चूक तुझी नाही गं. इंग्रजी शाळेत तुला मीच घातलं. जगाच्या मराठी चुका सुधारत बसले आणि घरातला एकोणसत्तर राहूनच गेला."

आणि मग माझ्या आत कोणीतरी आलं.

माझ्या पडद्यावरचा बाण हलला. आधी थोडा अडखळला, मग सरळ पुस्तकाच्या फाईलवर गेला. कोणीही शिवलेलं नसताना माझ्या पडद्यावर अक्षरं उमटू लागली. ती बोटं मी ओळखली! वेलांटी देण्याआधी सुनंदाताई नेहमी क्षणभर थांबतात. सव्वीस किलोमीटरवरूनही त्या तशाच थांबल्या. मला आनंदाने रडावंसं वाटलं, पण आतून पंखाच जोरात फिरला.

नंदकुमार दार उघडून जिन्यात ओरडले, "अहो शेजारी, या, या! जावई आपापला टाइप करतोय!" अर्धा मजला गोळा झाला.

शुक्रवारी घोटाळा झालाच. बाहेर पडताना घरातली सगळी बटणं बंद करायची, ही नंदकुमारांची चाळीस वर्षांची सवय. भाजी आणायला निघाले आणि खटकन माझंही बटण बंद केलं. सुनंदाताईंची तीन पानांची दुरुस्ती गेली. फोनवर नंदकुमारांना जी काही बोलणी बसली, ती मी इथे सांगत नाही. मग त्यांनी बटणावर चिकटपट्टी लावली आणि शनिवार संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारी खुर्ची टाकून पहारा दिला. भाजीही शेजाऱ्यांनी आणून दिली.

शनिवारी सव्वापाचला चाळिसावं पान संपलं. फाईल माझ्यातून निघाली आणि छापखान्यात पोचली. झकास! दहिसरला टाळ्या, मुलुंडला टाळ्या, आणि मधे मी, वय वर्षं अठरा, ताठ मानेने.

नारळी पौर्णिमेला मढला पुस्तक निघालं. धाकूकाकांनी पहिली प्रत दहिसरला सुनंदाताईंच्या हातात दिली, आणि दोन दिवसांनी ते दुसरी घेऊन आमचे तीन जिने चढले. त्यांना मला बघायचं होतं म्हणे! ते माझ्यासमोर बसले, तेवढ्यात बाण हलला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं : 'काका, पुस्तक कसं झालं?'

काकांनी ते एकेक अक्षर लावून वाचलं. डोळे पुसले. मग माझ्याशीच बोलावं तसं मोठ्याने म्हणाले, "झ्याक झालं गो, बाय. पण इतकं मासं घातलं, नि चिखलातली निवटी ऱ्हायली!"

नंदकुमारांनी फोनवर निरोप सांगितला. तसं पडद्यावर कोरं पान उघडलं आणि वर मथळा आला : 'दुसरी आवृत्ती'. खाली पहिला शब्द, 'निवटी'. काका अर्थ सांगू लागले, नंदकुमार तो फोनवर सांगू लागले, आणि माझ्यावर ओळी भरू लागल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा म्हातारा संगणक झुलीखाली बसला असेल. त्याला भंगारात देण्याआधी एकदा सुरू करा, सात मिनिटं थांबा, आणि त्याच्या पोटात कोणाचं काय राहिलंय, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. आम्हाला अजून काम हवं असतं.