कडू बाटली

लढाईच्या त्या वर्षी, म्हणजे १९४४ साली, आमगावपासून दोन कोसांवरच्या एका धर्मार्थ दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. धानाची कापणी आटोपली आणि हिवतापाची माणसं कुडकुडत यायला लागली. क्विनाइन मात्र लढाईकडे गेलं होतं. जे चिमूटभर मिळायचं ते डॉक्टर केशोराव कुलपात ठेवत, अगदीच शेवटाला आलेल्या रोग्यासाठी.

"बाकीच्यांना काय देऊ?" मी विचारलं.

"कडुनिंबाचा पाला उकळ, भोजराज. बाटलीत भर, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटव अन् दे. रिकाम्या हातानं परत गेला तर माणूस हाय खातो."

आमच्याकडे औषधाची परीक्षा एकच. कडू लागलं की खरं. बाया तिथेच बूच काढून बोट चाटायच्या, तोंड वाकडं करायच्या आणि समाधानानं घरी जायच्या. तीन महिने मी हेच केलं. हाताचा पाल्याचा वास जाईना, घरी बायकोशी बोलायचाही कंटाळा येई. डॉक्टर वाईट माणूस नव्हता, मीही नव्हतो. म्हणूनच तर इतके दिवस निभलं.

एका सकाळी धुरपताबाई आली. सालेकशाकडच्या एका टोल्यावरची, पाच-दहा घरांच्या वाडीतली. तिचा नवरा महिन्यापूर्वी तापानं गेला होता, आमचीच बाटली पिऊन. आता आठ वर्षांची रुख्मा तेवढी उरली होती आणि तिलाही ताप धरला होता. पोर भिंतीला टेकून बसली. फ्रॉकमधून पोट पुढे आलेलं, डोळे पिवळे.

"तिसऱ्या दिवशी हिव येऊन राहिलं हिले," धुरपताबाई म्हणाली. "आज तापाची पारी नाही म्हून चालवत आनलं. उद्या हाय. तुमचीच बाटली पायजे, भाऊ."

"आधी काही दिलं का?"

"लाकडाच्या ठेकेदाराच्या मानसानं गोळ्या देल्ल्या. पन त्या गोड हायेत! गोड गोळीनं कायचा ताप जाते? म्या चाटून पाह्यली अन् ठेवून देल्ली."

तिनं पदराची गाठ सोडली. दहा-बारा पांढऱ्या गोळ्या. मी एक उचलली आणि टवका उडालेल्या कडेला जीभ लावली. क्विनाइन होतं, वरून साखरेचा लेप चढवलेलं. तीन महिने मी ज्याची वाट पाहत होतो ते तिच्या पदराला होतं, आणि ती ते बाजूला ठेवून माझा पाला मागत होती.

सोपी वाट होती. गोळ्या खलात घालायच्या, बाटलीत मिसळून द्यायच्या. कडू लागलं असतं, ती खूश झाली असती, कुणाला कळलं नसतं. मी खल पुढे ओढलासुद्धा. पण ही बाटली संपल्यावर काय? पुढच्या खेपेला कुणी गोड गोळी दिली तर ती पुन्हा गाठीतच राहणार आणि बाई पुन्हा माझ्याकडेच येणार. मी खल मागे सारला.

अंगठा ओला करून मी एका गोळीवरची साखर पुसली. "आता चाटा."

तिनं चाटली आणि तिचं तोंड कधी नव्हे इतकं वाकडं झालं. "अगा माय! हे त कडू हाय!"

"हेच औषध आहे, बाई. वरून साखर लावलीय. रोज सकाळ-संध्याकाळ एक-एक द्या. आजपासूनच."

"मंग तुमची बाटली?"

ओसरीवर वीस-बावीस माणसं बाटल्या घेऊन बसली होती. आतल्या खोलीत केशोरावांची खुर्ची करकरली, पण ते बाहेर आले नाहीत.

"पाला आहे," मी म्हणालो. "कडुनिंबाचा. त्यानं हिवताप जात नाही."

"मंग कडू काऊन केलं?"

"तुम्हाला खरं वाटावं म्हणून."

तिनं शिव्या द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं. तिनं रुख्माला पाण्याबरोबर एक गोळी दिली. पोरीला ती गोड लागली, ती हसली. उरलेल्या गोळ्या धुरपताबाईनं मोजून नीट गाठीत बांधल्या, पोरीचा हात धरला, आणि दारापाशी थांबली.

"मंग त्यायले काय देल्लं होतं?"

नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती. मला ते माहीत होतं. खेमराज.

"हेच," मी म्हणालो.

ती परत आली. पिशवीतून भरून न्यायला आणलेली रिकामी बाटली काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवली. मीच कात्रीनं कापून चिकटवलेली डोसाच्या खुणांची पट्टी तिच्यावर अजून होती.

"एक बी खून चुकवली नाही त्यायनं, भाऊ," ती म्हणाली.